भोपळा, बाटली आणि रिकामा हात: वल्ह्याशिवाय कयाक सुलटी करायला शिकताना

तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, पाण्याची एक लिटरची आणि अर्ध्या लिटरच्या दोन. झाकणं घट्ट बसणारी हवीत. पालथी झालेली कयाक, म्हणजे अरुंद छोटी होडी, नुसत्या हातांनी सुलटी करायला शिकताना जे सामान सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते एवढंच, आणि त्यातलं निम्मं बहुधा तुमच्या माळ्यावर आत्ताच पडलेलं असेल.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका, नाहीतर पत्र्याचा डबा. पोरगं थोडं तरंगायला लागलं की छोटा भोपळा. मग एके दिवशी एखादा काका गाठ सैल सोडून देतो आणि पोराला ते पलीकडच्या पायरीला हात लागल्यावर कळतं. हँड रोल, म्हणजे होडी अशी हातांनी सुलटी करणं, मी तसाच शिकलो, फक्त चाळिशीत आणि भोपळ्याच्या जागी बाटली घेऊन.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कयाकमध्ये आपण कमरेपर्यंत आत बसलेले असतो, कमरेभोवती स्प्रे स्कर्ट नावाचा रबरी घेर असतो आणि तो होडीच्या तोंडाला घट्ट बसवलेला असतो. होडी उलटली की आपण डोकं खाली, पाण्यात. होडीतून बाहेर न पडता, बसल्या जागेवरूनच परत वर येणं म्हणजे रोल. बहुतेक लोक तो वल्ह्याच्या आधाराने करतात. वल्हं हातातून निसटलं, मोडलं किंवा होडीखाली अडकलं तर हात उरतात. कयाक पोलोमध्ये, म्हणजे कयाकमध्ये बसून खेळायच्या चेंडूच्या खेळात, तर हे रोजचंच. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला उघड्या हाताने ढकलून पाडणं तिथे नियमात बसतं.

पण मी हा रोल शिकायला सांगतो त्याचं कारण वेगळं आहे. वल्ह्याचं पातं मोठं असतं, ते चुका पोटात घालतं. दंडात जोर असलेला माणूस वल्ह्यावर लटकून, ओढाताण करून कसाबसा वर येतो आणि आपल्याला रोल येतो असं समजून वर्षानुवर्षं फिरतो. हाताच्या तळव्याला तेवढं पाणी धरता येत नाही. तिथे चूक लगेच उघडी पडते.

हे कुठून आलं

ग्रीनलंडच्या सील-शिकाऱ्यांकडून. त्यांची कयाक शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बांधलेली असे, मांड्या जेमतेम आत जातील एवढी. अंगात सीलच्या कातड्याचा तुइलिक, म्हणजे टोपीसकटचा अंगरखा. त्याचा खालचा घेर होडीच्या तोंडाला आवळलेला, वरची कड चेहऱ्याभोवती आवळलेली. बर्फाळ पाण्यात होडीबाहेर पडला तो माणूस बहुधा गेलाच. त्यामुळे उलटल्यावर होडीसकट वर येणं हा एकच मार्ग होता. त्यातही हार्पूनची, म्हणजे शिकारीच्या भाल्याची, दोरी हाताला गुंडाळली गेली तर काय, एकच हात मोकळा असला तर काय, वल्हं गेलं तर काय, अशा प्रत्येक अडचणीसाठी वेगळा रोल तयार झाला. वल्हं गेलं तर नोर्साक वापरत. ही हार्पून फेकायची लाकडी पट्टी, जेमतेम हातभर. तीही गेली तर हात. ग्रीनलंडच्या राष्ट्रीय कयाक स्पर्धेत आजही तीसहून जास्त प्रकारचे रोल दोन्ही बाजूंनी करून दाखवावे लागतात. त्यात मूठ मिटून, हातात दगड धरून आणि दोन्ही हात छातीशी बांधल्यासारखे ठेवून करायचे रोलही आहेत. हातात दगड धरून माणूस वर येतो, यावरून हातांचा वाटा किती ते समजून घ्या.

युरोपात हे उशिरा पोचलं. ऑस्ट्रियाचा एडी हान्स पावलाटा १९२७ मध्ये वर्णनं वाचून वाचून रोल शिकला. इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स १९३०-३१ च्या मोहिमेत थेट ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून शिकला. वॉटकिन्सचं पुढचंही सांगायला हवं. २० ऑगस्ट १९३२ रोजी तो पूर्व ग्रीनलंडमध्ये एकटाच सीलच्या शिकारीला गेला. त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. वय २५. रोल येत होता, सोबत कोणी नव्हतं. म्हणून पुढचं सगळं जोडीदाराला घेऊनच करायचं आहे. तो पोहणारा हवा, छातीएवढ्या पाण्यात तुमच्या शेजारी उभा हवा आणि हातात मोबाइल नसलेला हवा.

होडी आणि तलाव

गोव्यात किंवा कोकणात पर्यटकांना देतात त्या कयाक बहुतेक वर बसायच्या असतात. त्यांत मांड्या अडकवायला काही नसतं, त्यामुळे रोलचा प्रश्नच येत नाही. हवेने फुगवायच्या बहुतेक होड्यांचंही तेच. आत बसायची होडी पाहिजे आणि मागचा डेक, म्हणजे पाठीमागचा वरचा भाग, जितका बुटका तितकं बरं. छोटी प्लेबोट (लाटांवर कसरती करायची होडी) किंवा ग्रीनलंड पद्धतीची सडपातळ होडी उत्तम. धबधब्यांवरून उतरायच्या फुगीर होडीत शिकू नका, तिच्या मागच्या डेकवर पाठ टेकताच येत नाही.

होडी अंगाला बसली पाहिजे. पावलं आधारावर टेकलेली, गुडघे वरच्या कडेखाली दाबलेले, कमरेच्या दोन्ही बाजूंना फोम लावून जेमतेम एक बोट जाईल एवढी फट. कंबर हलवली की होडी त्याच क्षणी हलली पाहिजे. चप्पल सैल असली की पाय पुढे आणि चप्पल मागे राहते, तसं होता कामा नये. पाठीचा पट्टा मात्र खाली ठेवा. तो वर असला तर मागे झोपता येत नाही आणि तुम्ही उगाच स्वतःच्या लवचीकपणाला दोष देत बसता.

शिकायला साधारण चार फूट पाणी असलेला पोहण्याचा तलाव हवा. होडी आत आणायला परवानगी मिळवणं हे कधीकधी रोलपेक्षा अवघड असतं. माझा अनुभव असा की व्यवस्थापकाला दोनच काळज्या असतात, फरशी फुटेल आणि पाणी घाण होईल. होडी आधी घरून धुऊन आणा, बाहेर आलेले स्क्रू आणि कंगोरे टेपने झाका आणि गर्दी नसलेली वेळ मागा. बहुतेक वेळा काम होतं.

नोज क्लिप, म्हणजे नाक बंद ठेवणारा चिमटा, घ्याच. उलटं लटकल्यावर पाणी सरळ नाकातून कपाळात शिरतं. जलनेती करणाऱ्यांना वाटतं आपल्याला सवय आहे. पण नेतीचं पाणी कोमट आणि खारवलेलं असतं, तलावाचं क्लोरीनवालं. पोहण्याचा गॉगलही लावा. पाण्याखाली डोळे उघडे असले की निम्मी भीती जाते.

आणि सगळ्यांत आधी होडीतून निसटायला शिका. उलटल्यावर पुढे वाका, होडीच्या बुडावर तीनदा थापा मारा, स्कर्टच्या पुढच्या टोकाचा पट्टा शोधा, तो पुढे ढकलून मग वर ओढा, दोन्ही हात कमरेजवळ होडीच्या कडेला टेकवा आणि पँट उतरवावी तशी होडी अंगावरून काढा. हे घाई न करता पाच वेळा जमल्याशिवाय पुढचं काही सुरू करू नका. पट्टा स्कर्टच्या आत दुमडला गेला नाही ना, हे दर वेळी जोडीदाराने बघायचं.

सगळा खेळ एका गोष्टीचा

डोकं सर्वांत शेवटी बाहेर आलं पाहिजे. सांगायला सोपं, करायला महाकठीण, कारण पाण्यात बुडालेल्या प्रत्येक प्राण्याला नाक आधी बाहेर काढायचं असतं.

माणसाचं डोकं साधारण ४ ते ५ किलोचं. पाण्यात असतं तोवर त्याचं वजन जवळजवळ जाणवत नाही, पाणीच ते पेलतं. बाहेर आलं की तेच ४-५ किलो लांब दांडीच्या टोकाला टांगल्यासारखे होतात, आणि त्यापाठोपाठ खांदे आणि छातीही. तेवढं वजन उचलायला तळव्याखालचं पाणी पुरत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. शरीर पाण्यावर पसरून राहू द्यायचं, आधी कमरेच्या झटक्याने होडी सुलटी करायची आणि होडी सुलटी झाली की शरीर तिच्यावर घसरत आणायचं. प्रशिक्षक याला हिप स्नॅप म्हणतात. आपल्याकडे कंबरेचा झटका म्हटलं की लावणी आठवते आणि ते आठवलं तरी बिघडत नाही. हालचाल तिथलीच आहे, वरचं धड शांत आणि सगळं काम कमरेत.

झटका कंबरेचा असला तरी सुरुवात गुडघ्यातून होते. तुम्ही उजव्या बाजूला पाण्यात पडला आहात असं धरा. उजवा कान पाण्याकडे, होडीची उजवी कड खाली गेलेली. उजवा गुडघा वर खेचला की तो डेकला आतून ढकलतो, उजवी कड वर येते आणि होडी सुलटी होते. डाव्या पायाने काही करायचं नाही, तो ढिला सोडायचा. ज्या बाजूला डोकं त्या बाजूचा गुडघा, एवढं पाठ करा. दोन्ही गुडघे एकदम आवळले तर होडी जागची हलत नाही आणि चुकीचा आवळला तर ती पुन्हा तुमच्यावर येते.

हे आधी घरी करून बघता येतं. गादीवर पाय लांब करून बसा, उजवीकडे कलून कोपरावर टेका, कान खांद्याकडे सोडा आणि धड न हलवता उजवं ढुंगण गादीवरून उचला. बरगड्यांच्या बाजूचा जो स्नायू आवळतो तोच उद्या पाण्यात काम करणार आहे.

काठाला धरून

तलावाच्या काठाला होडी समांतर लावा. उजवीकडचा काठ दोन्ही हातांनी धरा, हातांवर गाल टेकवा आणि होडी उलटू द्या, जवळजवळ पूर्ण. तुम्ही काठाला, होडी अंगावर. आता गाल हातांवरून न उचलता उजव्या गुडघ्याने होडी सुलटी करा. पूर्ण सुलटी. गाल अजून हातावरच. मग पुन्हा उलटू द्या. एका वेळी पंधरा-वीस झाले की विश्रांती आणि मग डाव्या बाजूने तेवढेच.

पहिल्या दिवशी तुम्ही काठाला लटकणार, सगळेच लटकतात. म्हणून पुढच्या टप्प्यात काठ सोडायचा आणि जोडीदाराचे तळवे धरायचे. त्याने हात पाण्याच्या पातळीवर सपाट ठेवायचे आणि दर वेळी किती भार आला ते स्पष्ट सांगायचं. ‘मण’, ‘किलो’, ‘पाव’ एवढी तीन मापं आमच्यात चालायची. पाव आला की एक हात काढून घ्यायचा. मग दोन बोटं. दोन बोटांवर होडी सुलटी व्हायला लागली की हँड रोलचं मोठं काम झालंच म्हणा, उरलं ते जुळवून आणणं.

इथे घाई करू नका. माझ्या पहिल्या प्रशिक्षकाने मला दुसऱ्याच दिवशी काठावरून सोडवलं आणि ‘जोर लाव’ एवढं एकच सांगितलं. मी लावला. उजवा खांदा तीन आठवडे शर्टाच्या बाहीत जात नव्हता.

पाण्यावर पाठ टेकून

हा टप्पा अनेक जण गाळतात, मी त्यालाच सर्वांत जास्त वेळ द्या असं म्हणेन. ग्रीनलंडचे लोक होडीशेजारी पाण्यावर नुसते पडून राहतात. होडी आडवी, माणूस तिच्या बाजूला उताणा, तोंड आभाळाकडे, आणि बुडत नाही.

जोडीदाराच्या हातांवर डोकं टेकवून उजवीकडे हळूच पाण्यावर झोपा. दोन्ही खांद्यांच्या फाळ्या पाण्याला सपाट लागल्या पाहिजेत, म्हणजे डावा खांदा मागे, होडीच्या शेपटीकडे, वळवावा लागतो. पाठीची कमान करा, मत्स्यासनात करतो तशी. डोकं मागे, दोन्ही कान पाण्यात. हात बाजूंना पसरलेले, त्यांच्यावर भार शून्य. उजवा गुडघा हलकेच वर खेचून होडी जितकी सपाट ठेवता येईल तितकी ठेवा. छातीत श्वास भरलेला असला की तुम्ही आपोआप तरंगता. जोडीदाराने हात हळूहळू खाली घ्यायचे, त्या विहिरीवरच्या काकासारखे.

सुरुवातीला तीन सेकंद, मग दहा. लाइफ जॅकेट घातलं तर हे फारच सोपं होतं. साध्या ५० न्यूटनच्या जॅकेटला पाच किलोच्या आसपास उचल असतो. पहिले काही दिवस जॅकेट घालून करा, मग काढून.

याचा फायदा दुहेरी आहे. एक, हीच रोलची शेवटची अवस्था आहे, इथून पाठ मागच्या डेकवर सरकवली की तुम्ही होडीत. दुसरा मोठा. पाणी आपल्याला पेलतं ही गोष्ट अंगाला पटते. ती डोक्याला पटून उपयोग नाही.

जमलं की इथूनच वर या. उताणे पडलेले असताना उजवा गुडघा जोरात खेचा, डावा हात होडीवरून पलीकडे टाका, पाठ डेकवर घसरवा, डोकं शेवटी. शेवटपर्यंत आभाळ दिसत राहिलं पाहिजे. पायाचे अंगठे दिसले तर डोकं उचललंत.

बाटल्या

आता माळ्यावरचं सामान. हवा भरलेली बंद बाटली पाण्यात पूर्ण दाबली की जेवढे लिटर तेवढा किलो उचल मिळतो, बाटलीचं स्वतःचं किरकोळ वजन सोडून. म्हणजे पाच लिटरच्या कॅनवर तुम्ही पाच किलोचा भार टाकू शकता, दोन लिटरच्या बाटलीवर दोनचा. काठाने किती भार घेतला हे कधी कळत नाही. बाटलीचं तसं नाही, ती बुडते. कुठपर्यंत बुडाली ते बघायचं. हा आपला तराजू.

कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरा. डावीकडे उलटा, पुढे वाकलेले राहा. होडी पूर्ण पालथी झाली की अंग उजवीकडे वळवून कॅन उजव्या बाजूने पाण्यावर येऊ द्या. त्याच्यामागोमाग तुम्हीही वर याल. चेहरा पाण्याजवळ आला की थांबा. खरंच थांबा, एक आकडा मोजा. मग गुडघा, कंबर, आणि पाठ डेकवर. कॅन पाण्याखाली गेला नाही, नुसता डुचमळला, असं सलग पाच वेळा झालं की पुढची बाटली.

दोन लिटरची बाटली मानेला धरून फक्त उजव्या हातात घ्यायची. डावा हात आता मोकळा आहे, त्याला होडीवरून पलीकडे जाण्याचं काम द्या. हा पलीकडे गेलेला हात म्हणजे तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं वजन. तो जितका लांब आणि लवकर जाईल तितका उजव्या हातावरचा भार कमी. मग एक लिटर. मग अर्ध्या लिटरच्या दोन, एकेका हातात.

मधे कुठे अडलात तर दोन लिटरवरून एकदम एकवर उडी मारू नका. बाटलीत थोडं पाणी भरा. पाव भरली की दीड लिटरची झाली, अर्धी भरली की एकची. यासाठी फोमचे ठोकळेही मिळतात, त्यांत ही सोय नाही. बाटल्या संपल्या की टेबल टेनिसच्या दोन जुन्या रॅकेटी घ्या. त्यांत उचल जवळजवळ नाही, फक्त तळवा मोठा होतो. ग्रीनलंडचा नोर्साकही मुळात हेच करतो.

रिकामे हात

डावीकडे उलटून उजवीकडे वर यायचं, असं धरून सांगतो.

उलटायच्या आधी पुढे वाका, हात छातीशी. उलटा. होडी फिरते त्या वेगाचा फायदा घ्या, खाली लटकून राहू नका. अंग उजवीकडे वळवा, दोन्ही हात उजव्या बाजूने पाण्याच्या वरच्या थराकडे न्या. या क्षणी छाती तळाकडे आहे, चेहरा खाली, हात पुढे पसरलेले, जणू पालथे तरंगत आहात. बोटांना हवेचा गारवा लागला पाहिजे. लागला नाही तर अजून वर जायचंय, तोवर झटका मारायचा नाही. हातांनी हलके दोन फटके मारून वर सरकलात तरी चालेल.

आता दोन ठोके. पहिला डाव्या तळव्याचा, पाण्यावर खाली दाब, आणि तिथून तो थेट होडीवरून डावीकडे फेकला जातो. दुसरा उजव्या तळव्याचा, छातीसमोर, कोपर वाकलेलं. दोन ठोक्यांमधे अर्ध्या सेकंदाचंही अंतर नाही. उजवा तळवा दाबला जातो त्याच क्षणी उजवा गुडघा. डावा हात पलीकडे जाताना खांद्यालाही ओढून नेतो, त्यामुळे तळाकडे असलेली छाती आपोआप आभाळाकडे वळते. पाठ मागच्या डेकवर येते. डोकं मागे टाकलेलं, हनुवटी वर.

दाब चटकन द्यायचा, पण लांबवर नाही. हाताचा वेग दुप्पट झाला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, म्हणून चापट मारल्यासारखा तळवा पाण्याला धरतो. हळू दाबलात तर हात नुसता बुडत जातो. पण तो आधार पळभराचा असतो. तेवढ्या वेळात होडी फिरली पाहिजे. तोल सावरताना भिंतीला नुसतं बोट लावावं, एवढंच हातांचं काम.

खांदा सांभाळा. उजवं कोपर खांद्याच्या रेषेच्या वर किंवा मागे जाता कामा नये, हात कायम तुम्हाला दिसेल असा समोर. खांदा निखळतो तो हात लांब, वर आणि मागे असताना भार आला की. आधी उताणे पडताना हात पसरले होते ते चाललं, कारण तिथे भार नव्हता.

फसतं कुठे

नाक बाहेर येतं, श्वास घेण्याआधी पुन्हा आत. याचा अर्थ एकच, डोकं आधी आलं. उपाय म्हणून उजव्या खांद्यावर एक नाणं ठेवलंय आणि ते गालाने दाबून धरायचंय अशी कल्पना करा. किंवा जोडीदाराला होडीच्या मागच्या टोकाकडे उभा करा आणि वर येताना त्याचा चेहरा शोधा. मागे बघायचं म्हटलं की डोकं आपसूक मागे राहतं.

होडी निम्मी फिरते आणि अडकते. बहुधा दोन्ही गुडघे आवळलेत, नाहीतर होडी सैल आहे. दोन्हींपैकी काय ते जोडीदाराला पाण्याखालून बघायला सांगा.

हात खोल जातात, होडी फिरतच नाही. झटका लवकर मारलात. शरीर अजून खाली लटकतंय आणि तिथून कितीही दाबलं तरी हात फक्त पाणी ढवळतात. हे भीतीपोटी होतं, श्वास संपेल म्हणून. प्रत्यक्षात सगळा रोल तीन-चार सेकंदांचा असतो. होडीत बसायच्या आधी काठावर श्वास रोखून शांतपणे वीसपर्यंत मोजून बघा, मग पाण्याखाली पाचपर्यंत मोजायला हरकत वाटत नाही. त्यासाठी आधी भराभर खोल श्वास मात्र घेऊ नका. त्याने दम वाढल्यासारखा वाटतो आणि माणूस सूचना न देता बेशुद्ध पडू शकतो.

वर येता, पण डावीकडे पुन्हा कोसळता. याला मी चूक म्हणत नाही, जोर जास्त झालाय. कमी करा. डावा हात पाण्यावर थोडा झोपवा, थांबेल.

काल जमलं होतं, आज काहीच नाही. हे होतं. एक बाटली मागे जा. मी एक लिटरवर तीन रविवार अडकलो होतो, चौथ्या रविवारी बाटली हातातून निसटून गेली आणि मी तरीही वर आलो. मला ते जोडीदार ओरडल्यावर कळलं.

एका बैठकीत चाळीस मिनिटं पुरेत, रिकाम्या हातांचे प्रयत्न दहा-बारा. त्यानंतर दमलेलं शरीर चुका पक्क्या करतं. चक्कर आली, कानात दडा बसला किंवा खांद्यात कळ आली तर त्या दिवशी थांबा. नंतर पुढे वाकून डोकं दोन्ही बाजूंना हलवा आणि नाकातलं पाणी काढून टाका, नाहीतर ते जेवणाच्या ताटावर बाहेर येतं.

तलावाबाहेर

तलावात दहापैकी नऊ जमले की आधी संथ पाणी, मग वाहतं. आपल्याकडे कोलाडजवळची कुंडलिका ही सोयीची नदी आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी तिला मिळतं, त्यामुळे पाणी कधी आणि किती येणार हे तिथले गाईड जाणतात. त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. पावसाळ्यात पूर आलेल्या नदीत किंवा गढूळ साचलेल्या पाण्यात रोलचा सराव नकोच. ओंडके आणि लाटा राहू द्या, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचीच, भीती पुरेशी आहे.

नदीत हेल्मेट आणि जॅकेट दोन्ही. मागे झोपून वर येण्याची ही पद्धत शिकायला सोपी असली तरी तिच्यात एक खोट आहे. चेहरा आणि छाती उघडी पडते, आणि उथळ नदीत खाली दगड असतात. म्हणून उलटल्यावर पुढे वाकून राहायचं, म्हणजे दगड लागलाच तर हेल्मेटला किंवा जॅकेटच्या पाठीला लागेल, आणि मागे झोपणं फक्त शेवटच्या क्षणी, तेही पटकन. पुढे वाकूनच वर येण्याचा हँड रोलही आहे. तो अवघड आहे, कारण त्यात डेकवर घसरायची सोय नाही. नदीवर नेहमी जाणाऱ्याने पुढच्या वर्षी तो शिकावा.

दोन प्रयत्न फसले तर तिसरा करू नका. पट्टा ओढा, बाहेर पडा, होडीला धरून काठाकडे या. आणि वर आलात तरी हातात वल्हं नाही हे लक्षात असू द्या. पहिलं काम ते शोधण्याचं. तोवर तळव्यांनी वल्हवत होडीचं तोंड काठाच्या दिशेला धरून ठेवायचं. हे तळव्यांनी वल्हवणंही आधी तलावात करून ठेवा, चार-पाच फेऱ्या. त्यात होडी किती लवकर भलतीकडे वळते ते पाहून हसू येतं.

आता हे सगळं डाव्या बाजूने. पाच लिटरच्या कॅनपासून.